पांढऱ्या केसांचा वरद

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या नानांच्या घरात सरळ बोलायची पद्धतच नव्हती. भूक लागली तर "आज पोळ्या झाल्या वाटते" म्हणायचं, राग आला तर पेपरची घडी जरा जोरात घालायची, आणि माया दाटून आली तर "स्कूटीत हवा भरली काय?" असं विचारून मोकळं व्हायचं. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेमागून इकडे छत्तीसगडात आलेल्या या घराण्याने भाषा टिकवली, सण टिकवले, आणि आडून बोलण्याचा हा वारसाही जिवापाड जपला. तीन वर्षांपूर्वी नाना आयुष्यात एकदाच सरळ बोलले, आणि त्या एका बोलण्याने घर फुटलं.

गणपतीचे दिवस होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, आरती सुरू व्हायची वेळ, आणि धाकटा वरद मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर गेम खेळत बसला होता. इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षात तो नापास झाला होता आणि ते त्याने घरी लपवलं होतं. नेमकं त्याच दिवशी एका पाहुण्याने ते नानांच्या कानावर घातलं. नाना तरातरा मागच्या खोलीत गेले, वायर उपटली आणि दारात जमलेल्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "या घरात एक तं हा डबा राहीन, नाही तं तू!"

वरदही त्यांचाच मुलगा. त्याने डबा घरात ठेवला आणि स्वतः निघून गेला.

त्याचा फोन बंद झाला तो झालाच. कोणी म्हणे पुण्याला आहे, कोणी म्हणे हैदराबादला. एकाने तर गावाबाहेर भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात त्याला पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. वरदची मोठी बहीण गंधाली स्कूटी घेऊन तिकडे गेली, ट्रकांच्या रांगांमधून धूळ खात विचारत फिरली, आणि शेवटी ज्याला पुढे आणलं गेलं तो कोणी दुसराच निघाला. आई गेली तेव्हा वरद चौथीत होता. त्याचे डबे, त्याचा अभ्यास, त्याचे ताप गंधालीनेच सांभाळले होते. लग्नाचं तिच्या मनात होतं की नव्हतं, हे त्या घरात कोणी सरळ विचारलंच नाही.

मग या वर्षी नानांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, पण बोललेलं कळत होतं. डॉक्टरांनी गंधालीला बाजूला घेऊन सांगितलं की दुसरा झटका आला तर काही सांगता येणार नाही. नानांनी वरदचं नाव तोंडातून काढलं नाही. फक्त फाटक वाजलं की ते मोठ्या कष्टाने मान वळवायचे, आणि कोण आलंय ते दिसलं की म्हणायचे, "दूधवाला आहे वाटते." दूधवाला सकाळीच येऊन गेलेला असायचा. मरणाआधी मुलगा एकदा दारात दिसावा, एवढंच त्या माणसाला आता हवं होतं, आणि ते आणून देणं गंधालीच्या हातात नव्हतं.

विचार करकरून तिला एकच वाट सुचली. घर सोडलं, बाप सोडला, बहीण सोडली, पण पोट्टा तो गेम सोडणार नाही! गंधाली शाळेच्या ऑफिसातली नोकरी आटोपून दुपारी घरी यायची. नानांना जेवू घातलं की ते चार वाजेपर्यंत झोपायचे. त्या वेळात तिने मागच्या खोलीतल्या डब्यावरची चादर काढली.

गेमचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. पोरं त्याला नुसतं 'दुनिया' म्हणत. आणि ती दुनियाच होती. जंगलं, वाळवंटं, समुद्र, शहरं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायला कित्येक दिवस लागतील एवढी. देशभरातली हजारो माणसं एकाच वेळी तिथे फिरत असत, प्रत्येकाने आपापलं रूप घडवलेलं, आणि टोळ्या करून राक्षस मारणं हा सगळ्यांचा धंदा. गंधालीने आपल्यासाठी तपकिरी शाल पांघरलेली एक साधी बाई घडवली आणि तिचं नाव ठेवलं गोदू. गोदावरी आत्यावर गेली म्हणून लहानपणी घरात तिला गोदू म्हणत. बाहेरच्या कोणाला हे नाव ठाऊक नव्हतं. वरदला ते दिसलं की त्याला कळेल, असा तिचा डाव होता. ताकास तूर न लागू देता काम करायचं, हे तिला वेगळं शिकवायला लागलं नव्हतं.

वरद त्या दुनियेत घराजवळच्या तलावावरून घेतलेल्या 'तालाब का राजा' या नावाने फिरायचा, हे तिला माहीत होतं. त्याला चहा द्यायला गेलं की पडद्यावर तेच नाव दिसायचं. तिने ते शोधलं, आणि सापडलं! राजा जिवंत होता, चालता-फिरता होता, उत्तरेच्या बर्फाळ मुलखात होता. तिने तिथूनच निरोप पाठवला तर लाल अक्षरं उमटली: हा खेळाडू अनोळखी लोकांचे निरोप घेत नाही. समोर जाऊन उभं राहिलं तरच बोलता येणार होतं. म्हणजे उत्तरेपर्यंत चालत जाणं आलं.

दुनियेत एकट्याने कोणी फिरत नाही. सगळे टोळीने जातात, कारण वाटेत जनावरं असतात. गंधालीला टोळीत बोलावणारे बरेच भेटले. आमच्यात या म्हणून चौकटी उघडायच्या. पण कोपऱ्यावरच्या टपरीवरच्या पोरांकडे जिने वर मान करून पाहिलं नाही, ती इथे काय पाहणार! ती चौकट बंद करायची आणि पुढे चालू लागायची. मारणं तिला जमेना. पहिल्याच जंगलात एका रानडुकराने तिला उडवलं आणि ती पहिल्या गावाच्या देवळात पुन्हा जागी झाली. असं कितीदा झालं ते देवच जाणे. हळूहळू तिला कळलं की रस्ता सोडून नदीच्या काठाकाठाने गेलं तर जनावरं वाटेला जात नाहीत. मग ती काठाने निघाली.

आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं. जन्मात ती लग्नकार्याला नागपूरपर्यंत गेली तेवढीच, त्यापलीकडे नाही. इथे एका दुपारी ती एका खाऱ्या सरोवरापाशी पोचली. पाण्यावर गुलाबी पक्षी उतरत होते आणि पलीकडे डोंगर निळे होत चालले होते. ती तिथे नुसती उभी राहिली. वरद आठवला नाही, नाना आठवले नाहीत. मग पुढच्या खोलीतून नानांचं खोकणं ऐकू आलं आणि तिला एवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की चहात साखर घालायची ती विसरली. बाप मरणाच्या दारात, भाऊ बेपत्ता, आणि ही बया पक्षी पाहत बसते! दुसऱ्या दिवशी मात्र ती पुन्हा गेली, आणि पक्ष्यांकडे पाहतच पुढे सरकली.

शेवटी एका दुपारी बर्फ लागला. एका लाकडी गावात, लोहाराच्या भट्टीपाशी, लाल अंगरखा आणि खांद्यावर रुळणारे पांढरे केस असा एक उंच गडी उभा होता. डोक्यावर नाव होतं: तालाब का राजा. वरदचं नाव तिने मुद्दाम घेतलं नाही. त्याला नावाने हाक मारली की तो पळतो, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. ती जवळ गेली आणि तिने लिहिलं, "ओळखलं काय?"

उत्तर आलं, "हाँ दीदी, बोलो."

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्यावरून कसा कोणी विश्वास ठेवतो? पण रायपुरातल्या मराठी घरात दोन दिवस राहून पाहा. आईबाप मराठीत विचारतात आणि पोरं हिंदीत उत्तर देतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. शाळेत जायला लागल्यापासून वरद घरात मराठी बोललाच नव्हता. "काहून उशीर झाला?" "ट्रैफिक था नाना." आणि गंधाली त्याची ताई कधी नव्हती, दीदीच होती. तिच्या मराठीला हिंदीतून उत्तर आलं, तेही दीदी म्हणून, तेव्हा तिला तिच्या भावाचा आवाजच ऐकू आला. ती पदराने डोळे पुसत हसली.

मग रोज दुपारी दोघं फिरू लागले. तो पुढे, ती मागे. चढ आला की तो थांबायचा. जनावर आलं की आडवा व्हायचा. त्याने तिला गोठलेला धबधबा दाखवला, हिरव्या उजेडाची गुहा दाखवली. ती आपली आडून आडून विचारायची.

"जेवतो नं वेळेवर?"

"हाँ दीदी, टाइम पे."

"घरची आठवण येते काय?"

"आती है दीदी."

एवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. शेवटी धीर करून तिने लिहिलं, "नानांची तब्येत ठीक नाही. लकवा झाला आहे. तुझं नाव काढत नाहीत, पण फाटकाकडे पाहत राहतात. या रविवारी घरी ये. पोहे करते, शेंगदाणे जास्त घालून." मग अक्षरं आली, "ठीक है दीदी."

त्या संध्याकाळी नानांना भरवता भरवता तिने सांगून टाकलं. "नाना, वरद भेटला. कॉम्प्युटरवर. रविवारी येतो म्हणाला."

नानांचा घास तोंडातच राहिला. तो गिळून त्यांनी विचारलं, "जाडा झाला काय?"

"तसं नाही दिसत नाना. तिथं सोंग असते. त्याच्या सोंगाचे केस पांढरे आहेत."

"पांढरे?" नानांचे डोळे भरले. "एवढ्यातच?"

सोंग म्हणजे काय हे तिने तीनदा समजावलं. नाना हो हो म्हणाले, पण रात्री झोपताना पुन्हा म्हणाले, "चिंता करत असन. चिंतेनं होतात केस पांढरे."

रविवारी सकाळीच नत्थू न्हावी घरी येऊन दाढी करून गेला. नानांनी पांढरा सदरा मागितला, बटणं गंधालीने लावली, आणि ते ओसरीत खुर्चीवर फाटकाकडे तोंड करून बसले. पोहे झाले. पोहे गार झाले. गंधालीने नानांपुढे बशी धरली तर ते म्हणाले, "तो आल्यावर." दुपार टळली. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला, तलावाकडे फिरायला जाणारी माणसं बाहेर पडू लागली, आणि नाना तसेच ताठ बसून राहिले, अर्ध्या अंगाने जेवढं ताठ बसता येतं तेवढे.

गंधालीला राहवेना. ती आत गेली आणि गेम सुरू केला. राजा लोहाराच्या भट्टीपाशी उभा होता! आडून बोलायचं सगळं बाजूला ठेवून तिने लिहिलं, "वरद, अजून तिथेच काहून आहेस? नाना सकाळपासून जेवले नाहीत."

"कौन वरद, दीदी?"

तिने वाचलं, पुन्हा वाचलं.

"मैं इंद्रजीत हूँ दीदी, कटनी से. ये आईडी मैंने किसी लड़के से ली थी, उसने किसी और से. सबसे पहले किसकी थी, मुझे नहीं पता."

"मग रविवारी येतो कसं म्हणालास?"

उत्तर आलं. "आपकी भाषा आधी समझ में आती है, आधी नहीं. पोहे समझ में आया था. मुझे लगा आप ऐसे ही प्यार से बोल रही हैं. मना करना अच्छा नहीं लगा. क्या हुआ दीदी?"

त्याच्यावर रागावायलाही जागा नव्हती. पोरगा बिचारा सभ्य होता. तो चढावर थांबला होता, जनावरापुढे आडवा झाला होता, आणि तिने एवढे दिवस घरातलं सगळं दुःख एका परक्या मुलाला कुटुंबातला समजून सांगितलं होतं. वरदने तर जाताना ते सोंगही टाकून दिलं होतं. आता शोधायला काही उरलं नव्हतं. तिने सगळी हकीकत दोन ओळींत इंद्रजीतला लिहिली आणि ती ओसरीत गेली. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं होतं. गाडी चुकली म्हणावं, पुढच्या रविवारी येतो म्हणावं. पण नानांच्या त्या गुळगुळीत केलेल्या गालांकडे पाहून तिला खोटं बोलवेना.

"नाना, तो वरद नाही. चुकलं माझं. दुसराच पोट्टा आहे, कटनीचा. वरदनं ते सगळं केव्हाच देऊन टाकलं."

नाना सावकाश म्हणाले, "असं तो म्हणाला?"

"हव."

"हिंदीत म्हणाला?"

"हव नाना, पण..."

"मग तोच आहे." नानांचं वाकडं तोंड हसलं. "राग गेला नाही त्याचा. म्हणून ओळख देऊन नाही राहिला. माझा पोट्टा आहे तो, मले नाही माहीत काय?"

गंधालीने जमेल तसं समजावलं. आयडी म्हणजे काय, ती या हातातून त्या हातात कशी जाते, सोंग तेच राहून आतला माणूस कसा बदलतो. ती जेवढं सांगे तेवढी नाना मान हलवत. त्यांना सगळं समजत होतं आणि काहीच पटत नव्हतं. त्यांच्या घरात माणूस रागावला की असाच परक्यासारखा वागायचा; यात नवल ते काय होतं?

"मले तिथं ने," ते म्हणाले.

गणपतीच्या त्या दिवसापासून त्यांनी मागच्या खोलीत पाय ठेवला नव्हता. गंधालीच्या खांद्याचा आधार घेत, पाय फरफटत ते आले आणि पडद्यापुढे बसले. बर्फ पडत होता. पांढऱ्या केसांचा गडी समोरच उभा होता, आणि खाली त्याची अक्षरं येऊन थांबली होती: "दीदी, अंकल जी को बोलिए, सच में मैं वो नहीं हूँ. मुझे बहुत बुरा लग रहा है."

नानांनी डोळे बारीक करून ते वाचलं. "पाह्य कसा बोलते! अंकल जी म्हणते मले." त्यांच्या आवाजात दुखावल्याचा सूर होता आणि कौतुकही होतं. मग ते म्हणाले, "लिही."

"काय लिहू?"

"लिही, त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी तुले बोललो, ते माझं चुकलं."

गंधालीने हात मागे घेतले. तीन वर्षं वरद कुठेतरी याच एका वाक्याची वाट पाहत असेल. "नाना, हे नका लिहू इथं," ती रडत म्हणाली. "तुमच्या पाया पडते. तो खरंच वरद नाही. वरद कधीतरी येईन, तेव्हा तोंडानं सांगा."

"तोंडानं नाही होणार माझ्याच्यानं," नाना म्हणाले. "लिही."

तिने भलतंच काहीतरी लिहून वेळ मारून नेली असती. पण नानांचे डोळे एकेका अक्षरावर होते. तिने लिहिलं. चुकलं हा शब्द त्यांनी मोठ्याने वाचून पाहिला आणि मान हलवली, तेव्हा तिने तो पाठवला.

तिकडे कटनीत बसलेल्या त्या मुलाला काय वाटलं असेल कोण जाणे. मराठी त्याला अर्धी समजे, अर्धी नाही. अक्षरं आली, "आप बड़े हैं अंकल जी, माफी मत माँगिए." आणि पांढऱ्या केसांचा तो गडी बर्फात गुडघ्यांवर बसला आणि त्याने वाकून नमस्कार केला. नानांनी डावा हात उचलला आणि आशीर्वादाला धरतात तसा पडद्यापुढे कितीतरी वेळ धरून ठेवला.

मग त्यांनी पोहे मागितले. गारच दे म्हणाले. गंधाली भरवत होती आणि ते मुकाट्याने, भूक लागलेल्या माणसासारखे, सगळी बशी संपेपर्यंत खात होते. बाहेर फाटक वाजलं तर त्यांनी मान वळवली नाही. इतक्या वर्षांचं ओझं एका संध्याकाळी उतरलं होतं आणि ते उतरलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गंधालीला त्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. नाना एक गोष्ट दोनदा बोलणाऱ्यांपैकी नव्हते. उद्या खरा वरद त्या दारात येऊन उभा राहिला असता, तरी नाना त्याला त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नसते. त्यांच्या लेखी ते सांगून झालं होतं.